लाभ, एक, दोन

५ जानेवारी २०२५, रविवार

ही डायरी खताच्या दुकानाची. दर वर्षी फुकट मिळते आणि दर वर्षी माझी बायको पारू तिच्यात दूधवाल्याचे खाडे मांडते. यंदा तिच्याआधी मी उचलली, कारण गोविंदरावांचा हुकूम झाला.

"तात्या, कोणत्या गाण्याला तुमी मिक्सरवर काय काय करताव ते समदं लिहून काढा. डोक्यातलं कागदावर येऊ द्या."

"कशाला?"

"राजेश्रीला लागंल."

राजेश्रीला लागंल. बावीस वर्षं मी गोविंदरावांच्या गाण्याला साउंड देतोय. मानवतमध्ये माझं पंखे, इस्त्र्या आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, पण माझा खरा मिक्सर म्हणजे गवयांचे आणि वाजवणाऱ्यांचे आवाज ज्याच्यावर कमीजास्त होतात तो. सोळा चॅनलचा. त्याच्या तीन बटणांच्या टोप्या हरवल्या तिथे मी औषधाच्या बाटल्यांची बुचं बसवलीत. स्टेजवर गोविंदरावांची डावी भुवई वर गेली की पेटी वाढवायची, खाली आली की तबला कमी करायचा. शेवटच्या भैरवीत अंतरा आला की तबला बोटभर खाली, हे तर भुवईशिवायच. एवढ्यावर आमचा संसार चालला.

आणि आता डिजिटल मिक्सर आला. सोळा फेब्रुवारीला परभणीच्या नाट्यगृहात गोविंदरावांच्या पंचाहत्तरीचं गाणं आहे, त्यासाठी त्यांच्या मुलानं पाठवला. खोकं माझ्यासमोर फोडलं, पण कुठली वायर कुठे ते विचारलं राजेश्रीला. ही सोनपेठच्या शाळेत शिकवते आणि दिवाळीपासून आमच्यात कीबोर्ड वाजवते. दिवाळीपासून! माझ्या बावीस दिवाळ्या झाल्या.

तर मी ठरवलं, डायरीची पुढची पानं तिची. तिथे गाण्यांची यादी आणि कोणाचा आवाज किती. डायरी उलटी केली की मागची पानं माझी. मागच्या पानांना रबर लावतो, मोजून दोन वेढे.

माझा जळफळाट होतो. इथे लिहून ठेवतो, कारण छप्पन वर्षांच्या माणसानं एका मास्तरणीचा हेवा करावा हे बाहेर सांगायला बरं दिसत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

दुपारी ती दुकानात आली. आली ती सरळ माझ्या खुर्चीत बसली, आणि पारूनं चहा पाठवला तो माझ्या निळ्या कपात प्यायली. वर "काका, काका". सारं मानवत मला तात्या म्हणतं. मी हिचा काका कधी झालो?

तिला वायर हवी होती. गोल डोक्याची, पाच पिनांची. जुन्या टेपरेकॉर्डरला असायची तशीच, माझ्या खणात डझनभर पडल्यात. मी कथलाचा डाग लावून करून दिली. ती म्हणाली, "काय सुंदर काम करता हो काका!" पहिलीतल्या पोरानं रेघ सरळ ओढली की म्हणतात तसं.

या वायरीला मिडी म्हणतात. एक टोक कीबोर्डात, एक मिक्सरात. मी विचारलं, आवाज कोणत्या पिनेतून जातो?

"यातून आवाज जातच नाही, काका. फक्त निरोप जातो. कीबोर्डनं सांगायचं, दोन नंबर लाव, की मिक्सर दोन नंबर लावतो."

निरोप न्यायला वायर कशाला? मी मेलोय का? बावीस वर्षं भुवईवर निरोप पोचलेत. आणखी म्हणाली की ती मशीनमध्ये शीण साठवणार आहे. प्रत्येक गाण्याचा एक शीण. शीण आम्हालाही येतो, आम्ही कधी साठवला नाही. तोंडातल्या तोंडात बोलते, शाळेत पोरांना काय ऐकू जात असेल देव जाणे.

तिनं माझी यादी वरवर पाहिली. पहिल्या गाण्याच्या पुढे मी आकडा घातला नव्हता, 'लाभ' लिहिलं होतं. "हे काय?" म्हणाली. मी म्हटलं, "ते आमचं मोंढ्यातलं हाय." तिला काय सांगू? माझा बाप मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होता. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. एकदा एक नवखा मापाडी आला, तो गायला लागला लाभ, एक, दोन, तीन. एक्केचाळीस पोती काट्यावरून उतरली आणि त्याचे झाले चाळीस. बाप मरेपर्यंत ही गोष्ट सांगून हसायचा. मीही पहिल्याला लाभच म्हणतो.

एकूण काय, बीळ मी खणलं आणि राहायला ही. आयत्या बिळावर नागोबा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. राजेश्री तिळगूळ घेऊन आली. पारूनं तिला पाटावर बसवून गरम पोळीवर तूप वाढलं, वाटी उपडी करून. मला तूप मागितल्याशिवाय मिळत नाही.

दोघी स्वयंपाकघरात हळूहळू बोलत होत्या. मी गेलो की गप्प. मी पारूला म्हटलं, माझ्याच घरात माझ्याविरुद्ध काय कुजबुज चालली?

"कोण कुजबुजायलंय? आमी नीटच बोलायलाव. तुमीच वरडायलाव मगापासून."

या घरात माझ्या आवाजालाही आता मोल नाही.

परवा वरण करपलं. पारू अंगणात होती, मला म्हणून गेली होती की चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. कुकरनं एकही शिट्टी दिली नाही. मी दुकानात नेऊन उघडला, शिट्टी साफ केली, नवं रबर बसवलं. घरी आणला तर आज परत तेच. पारू म्हणते दिल्या शिट्ट्या. ती म्हणते तर दिल्या. कुकरात काही दोष सापडत नाही, हे दुरुस्तीवाल्यानं कुणाला सांगावं?

२० जानेवारी, सोमवार

काल पिंगळीला कार्यक्रम होता, नव्या मिक्सरवर पहिला. वायर अजून जोडली नव्हती, हातानंच चालवला. मधेच बजरंगनं तबल्यावरचे हात उचलून कानावर ठेवले. मग पुढच्या रांगेतल्या बायकांनी. मला वाटलं, बजरंगचं काहीतरी नाटक. शेवटी राजेश्रीनं कीबोर्डवरून उठून सरजाबाईंचा माइक बंद केला. सरजाबाई आमच्या कोरसातल्या. म्हणे माइक शिट्टी मारत होता. मी मिक्सरपाशी बसलो होतो, मला ऐकू आली नाही ती हिला स्टेजवर आली! नव्या मिक्सरचा दोष. नाहीतर माइकचा. पण सगळ्यांच्या देखत उठून गेली, हे मी विसरणार नाही.

त्याहून वाईट सांगतो. गोविंदराव मला काहीही बोलले नाहीत. बावीस वर्षांत एक कार्यक्रम असा नाही की उतरल्यावर त्यांनी मला झाडलं नाही. "तात्या, पेटी खाल्ली तुमी!" "तात्या, झोपला हुता काय?" काल गाडीत माझ्या शेजारी बसले आणि माझा हात थोपटला. परक्या माणसाला थोपटतात तसा. मी सगळ्या वाटेत खिडकीबाहेर बघत होतो.

२३ जानेवारी, गुरुवार

घात झाला. यादी मी दुसऱ्या कागदावर उतरवून देणार होतो. मी दुकानात असताना राजेश्री घरी आली आणि पारूनं ही डायरीच उचलून तिच्या हातात दिली.

"तुमीच म्हनला ना, राजेश्रीसाठी लिहायलोय?"

"आगं, पुढचं तिचं! मागचं माझं!"

"मला काय ठाऊक, पुढचं कोन्तं न् मागचं कोन्तं."

सातवीपर्यंत पहिला नंबर काढलेली बाई ही. (हे मी दुकानाच्या पावतीमागे लिहितोय, डायरी आली की उतरवीन.)

२६ जानेवारी, रविवार

डायरी आली. रबर होतं तसंच होतं, दोन वेढे. हुश्श झालं. मास्तरीण आहे, दुसऱ्याची वही उघडायची नाही एवढं तरी शिकलेली दिसते.

पण माझा वचक मात्र बसलाय. आज दुकानात आली ती उभीच राहिली. मी बस म्हटल्यावर स्टुलावर बसली, खुर्चीकडे बघितलंही नाही. चहाला पिशवीतून स्वतःचा कप काढला. आणि काका म्हणायचं बंद. "तात्या, ही दोन गाणी पुन्हा सांगता का?" आता नावावर आली! बोलते मात्र एकदम खणखणीत, समोर तोंड करून, एकेक शब्द तोडून. जसा मी बिगारीत बसलोय.

मिक्सरवर तिनं एक चिठ्ठी चिकटवली, 'सीन' म्हणून. सीन, शीण नव्हे. मला वाचता येतं. पण मी शीण म्हणत होतो हे तिला कसं कळलं, माझ्या तोंडून तर कधी निघालं नव्हतं.

जाताना विचारलं, गोविंदरावांच्या जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट कुठे मिळतील? दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या. मी म्हटलं, त्यांच्या कपाटात असतील, जा बघ. आता काय, गेलेले दिवससुद्धा हिला पाहिजेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज वायर जोडली. गोविंदरावांच्या माडीवर सगळे जमलो होतो. मी मिक्सरपाशी हात ठेवून बसलो. राजेश्रीनं कीबोर्डवर एक बटण दाबलं आणि माझ्या बोटांखालचे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या कळा, आपोआप सरकले. सगळे एकदम. गोविंदरावांचा वर, पेटीचा अर्धा, कोरसाचे चारही खाली. आत मोटर आहे म्हणे. मला तर अंगात वारं आल्यासारखं वाटलं, मी हात झटकून मागे झालो. बजरंग खदखदा हसला.

"तात्या, भुतं आली की वो!"

मी पण हसलो. हसण्याशिवाय इलाज नव्हता. बारा गाणी, बारा सीन. दर गाण्याला ती बटण दाबणार आणि मिक्सर आपला आपण लागणार. मी मग तिथे बसून काय करायचं? राखण?

गोविंदरावांना मी सरळ विचारलं, "म्या बसायचं का न्हाई?"

"तुमीच बसनार, तात्या. दुसरं कोन बसंल?"

"मिक्सर तर ती चालवायली."

त्यांनी राजेश्रीकडे बघितलं. पूर्वी असं काही अडलं की माझ्याकडे बघायचे. 

११ फेब्रुवारी, मंगळवार

रोज तालीम. रोज तिच्या गळ्यात हेडफोन आणि शेजारी जुन्या कॅसेटचा डबा. एकेक कॅसेट दहा-दहा वेळा ऐकते, फेडर दोन केसभर हलवते, परत ऐकते. मी विचारलं काय शोधतेस, तर म्हणाली, "सापडलं की सांगते." माझ्याच कार्यक्रमांत हिला माझ्या चुका सापडणार, आणखी काय.

पारू म्हणाली, "त्या पोरीला बोलू नगा काई. लय बेजार व्हायली ती." म्हटलं, माझ्यासाठी बेजार व्हायला तुला कधी सवड झाली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपारी साडेचार, नाट्यगृह

घाईत लिहितोय. सकाळी राजेश्रीचा कीबोर्ड बंद पडला. परभणीतल्याच एका वाजवणाऱ्याचा मागून आणला, वेगळ्या बनावटीचा. नाट्यगृह आधीच्या समारंभामुळे उशिरा हाती आलं. तिनं बसून भराभरा पुन्हा आकडे भरले, पहिल्या गाण्याला एक, दुसऱ्याला दोन, असे बारापर्यंत. वेळ नव्हता, तालीम फक्त पहिल्या गाण्याची झाली आणि तो सीन मीच मिक्सरवर हातानं लावला होता.

ती कपडे बदलायला गेली तेव्हा मी त्या कीबोर्डचं बटण मागे मागे दाबत गेलो. तीन, दोन, एक, आणि एकाच्या मागे शून्य! हा शून्यापासून मोजतो. मिक्सर मोजतो एकापासून. म्हणजे हा एक म्हणाला की मिक्सरचा दुसरा सीन लागणार, दोन म्हणाला की तिसरा. आणि बारावं, गोविंदरावांची भैरवी, त्या वेळी लागणार तेरावा, ज्याच्यात काहीच नाही. सगळे फेडर खाली. चिडीचूप.

लाभ, एक, दोन. बापाचा नवखा मापाडी येऊन बसलाय या डब्यात.

दोन मिनिटांचं काम आहे. तिला सांगितलं तर सगळे आकडे एकानं कमी करील.

नाही सांगत. होऊ दे एकदा. दुसऱ्या गाण्याला गडबड होईल, ती माझ्याकडे बघेल, गोविंदराव माझ्याकडे बघतील, मी वायर उपटून फेकीन आणि हातानं कार्यक्रम तारून नेईन. मग कळू दे तिथे कोण बसायला पाहिजे ते. भैरवीपर्यंत थोडंच जाऊ देणार आहे मी!

१७ फेब्रुवारी, सोमवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

नाट्यगृह भरलं होतं. मानवतहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. पहिलं गाणं उत्तम झालं, त्याचा सीन तालमीपासून मी लावलेलाच होता. दुसरं गोविंदरावांचं एकट्याचं, संथ. राजेश्रीनं बटण दाबलं. फेडर सरकले आणि तिसऱ्या गाण्याचा सीन लागला, कोरसाचा. गोविंदरावांचा आवाज बसला आणि कोरसाचे चारही माइक उघडले. सरजाबाई शेजारणीला म्हणत होत्या ते सबंध नाट्यगृहानं ऐकलं, "आगं, माजी एक चप्पल कुटं गेली?" लोक हसले. गोविंदराव गातच राहिले, त्यांचा आवाज कुठल्या कुठे होता.

राजेश्रीचं तोंड पांढरं पडलं. ती माझ्याकडे बघत होती. महिनाभर मी ज्याची वाट पाहिली ते हेच बघणं. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला.

मी मिडीची वायर काढून टाकली, दोन्ही हात फेडरवर ठेवले आणि जन्मभर केलं तसं कानानं लावायला लागलो. गोविंदरावांचा माइक वर घेतला. अजून थोडा. मला सुरेख वाटत होतं. आणि पुढच्या रांगेतल्या माणसांनी कान झाकले. दुसऱ्या रांगेतल्यांनीही. एक लहान मूल रडायला लागलं, तोंड उघडलेलं दिसत होतं. गोविंदराव गायचे थांबले.

मी मिक्सरच्या पडद्याकडे बघितलं. आवाजाच्या रेघांचं चित्र असतं त्यावर, डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उजव्या टोकाला एक रेघ लालभडक होऊन टोकापर्यंत उभी होती. शिट्टी. सबंध नाट्यगृह तिनं फाटत होतं.

माझ्या कानात काही नव्हतं.

कुकरची आठवण झाली. पिंगळीची झाली. नवं रबर बसवलं होतं मी कुकरला.

गोविंदरावांचा माइक खाली घेतला, कोरसाचे बंद केले, रेघ खाली बसली. मग मी वायर परत जोडली आणि उभा राहून ओरडलो. माझा आवाज मोठा आहे, सगळे म्हणतातच. "राजेश्री! तुझा डबा लाभ, एक, दोन मोजायलाय! एक मागं घे! समद्याला एक मागं!"

तिला क्षणभर कळेना. गोविंदरावांना कळलं. मानवतच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. माइकवरूनच म्हणाले, "पोरी, मापाड्याचा लेक हाय त्यो. शून्यापासून मोजायलंय म्हनतो तुजं. दुसऱ्या गाण्याला एक दाब." मानवतच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच विनोद.

तिनं एक दाबला. फेडर सरकले, आपल्या जागी बसले. गोविंदरावांनी पुन्हा आलाप घेतला.

त्यानंतर मी मिक्सरला हात लावला नाही. फक्त बघत होतो. आणि बघता बघता ती मांडणी मला ओळखू यायला लागली. पेटी गळ्याच्या दोन बोटं खाली. सहाव्या गाण्यात टाळ एका बाजूला ओढलेले. ही मांडणी मी यादीत लिहिलेली नव्हती, लिहिण्याइतकी मला माहीतच नव्हती. हातालाच माहीत होती. भैरवी आली. अंतरा आला. राजेश्रीनं पायाखालचं बटण दाबलं आणि तबल्याचा फेडर बोटभर खाली आला, आपला आपण, माझ्यासमोर. कॅसेटमध्ये ती माझ्या चुका शोधत नव्हती. माझे हात शोधत होती.

गोविंदरावांची डावी भुवई हलली नाही. हलायची गरजच पडली नाही. मी अंधारात रुमालात तोंड खुपसून बसलो.

उतरल्यावर गोविंदराव म्हणाले, "तात्या, दुसऱ्या गाण्याला जीव घेतला हो माजा तुमी!" झाडलं एकदाचं. इतकं बरं वाटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

राजेश्री दुकानात आली. म्हणाली, तात्या तुम्ही होतात म्हणून निभावलं, मला तर काही सुचत नव्हतं.

मला ते गिळेना. सांगून टाकलं. "मला साडेचारालाच कळलं हुतं. सांगितलं न्हाई."

तिनं कप खाली ठेवला.  मग माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द नीट म्हणाली, "माझ्यावर राग होता ते ठीक आहे. पण ते गाणं माझं नव्हतं, तात्या. त्यांचं होतं. पंचाहत्तर वर्षांचं माणूस."

आणि गेली. चहा तसाच. तिचा स्वतःचा कपही राहिला. मी तो विसळून फळीवर ठेवला.

पारूला सांगितलं तर ती म्हणाली, "आता कुणाचा हेवा करताव? सवताचाच केला ना इतके दिस?" जेवायला वाढलं, तूप मात्र मागूनही नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

परभणीला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. पारू बरोबर होती. एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. आधी जाड जाड आवाज आले, मी दाबत गेलो. मग काहीच येईना. मी वाट बघत बसलो. काचेपलीकडच्या बाईंनी दार उघडून सांगितलं, "झालं, काका."

मी म्हटलं, "दुसरा भाग सुरू कधी व्हायचा?"

"तोही झाला."

पारूनं माझ्या हातातून बटण काढून घेतलं. मशीन बसवावं लागणार, दोन्ही कानांना. येताना बसमध्ये ती माझ्या डाव्या बाजूला बसली, त्या कानानं मला जरा जास्त येतं. मला हे आज कळलं, पण ती वर्षभर डावीकडेच बसत आलीय.

२ मार्च, रविवार

दहा दिवस राजेश्री आली नव्हती. आज आली. मी खुर्चीवरून उठलो आणि तिला बस म्हटलं. तिनं स्टूल ओढलं. फळीवरचा तिचा कप मी चहा भरून पुढे केला. तिनं घेतला.

सोनपेठच्या कार्यक्रमाची यादी आणली होती. "गोविंदकाका म्हणाले, मिक्सरवर तुम्ही. मी वाजवताना मान वर काढू शकत नाही, कुणीतरी बघणारं लागतं. नवी चार गाणी आहेत. ती कशी लावायची ते लिहून द्या."

"राजेश्री, मला वरचं, बारीक ऐकू येत न्हाई," मी म्हटलं. असं मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं.

"माहीत आहे. जानेवारीपासून."

"पारूनं सांगितलं?"

"नाही. तुम्हीच सांगितलंत. कुकरचं."

मला आधी कळेना. कुकरचं मी कुणाला सांगितलं होतं? दुकानात नाही, गोविंदरावांना नाही. वरण करपल्याचं पारूला ठाऊक, पण मी तो दुकानात नेऊन उघडला, रबर बदललं, दोष सापडला नाही म्हणून लाजलो, ते तर मी फक्त... मी डायरीकडे बघितलं. गल्ल्यावर पडली होती, मागच्या पानांना रबर.

"दोनच वेढे होते ना?" ती म्हणाली. "मी मोजून घातले होते."

 शीण, खुर्ची, निळा कप, काका, सगळं एकामागून एक डोळ्यासमोरून गेलं. हिनं ते सगळं वाचलं आणि मग कॅसेटचा डबा उघडला.

ती उठली. पायरीवर थांबून वळली, नीट माझ्याकडे तोंड केलं. "आणि तात्या, आयत्या बिळावर नागोबा नाही. माझ्या बाबतीत नागीण लिहायला हवं. माझ्या वर्गात असतात तर अर्धा मार्क कापला असता."

ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी नऊ जानेवारीचं पान काढून नागोबा खोडलं आणि नागीण लिहिलं. मग रबर काढून पारूला देऊन टाकलं. तिला पापडाच्या पिशवीला हवंच होतं.